कातळखोलचा पळालेला भूलतज्ज्ञ

रत्नागिरी,
रविवार, दुपार

तीर्थरूप दत्तामामा,

तुमच्या भाचीचा, सुनेत्राचा, गुडघे टेकून नमस्कार. (तुमचे गुडघे दुखतात असं मामी म्हणाली, म्हणून तूर्त माझेच टेकते.) तब्येत कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे ना? निवृत्त माणसाने घरात बसून राहू नये, असं मी परवा ज्येष्ठ नागरिक संघात पाऊण तास समजावून सांगितलं. श्रोत्यांपैकी बरेच जण मध्येच उठून फिरायला गेले, म्हणजे विचार पोचला. मामीला सांगा, आमच्याकडे सगळं ठीक आहे, मी वेळेवर जेवते आणि आंबा यंदा उशिरा आहे. यातलं आंब्याचं तेवढं खरं आहे. पत्राला तसं विशेष कारण नाही, सहज आठवण आली. व्हॉट्सअॅपवर माझा मजकूर आला की त्याची लांबी बघूनच तुम्ही फोन उपडा ठेवता असं कळलं, म्हणून कागद घेतला. कागद उपडा ठेवला तरी मागच्या बाजूला मी लिहिलेलं असतंच.

कातळखोलच्या ग्रामीण रुग्णालयासाठी मी विधानसभेत किती घसा कोरडा केला ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. (आवाज बंद करून पाहता, हेही मामीने सांगितलं.) राजापूरच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत गेलं की उघड्या कातळावर ती इमारत आहे. ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, दिवे आहेत, डॉ. दमयंती नावाच्या, हाताला गुण असलेल्या प्रसूतितज्ज्ञ आहेत. भूल देणारा तेवढा नाही. त्यामुळे सिझेरियनची वेळ आली की बाईला रुग्णवाहिकेत घालून रत्नागिरीला धाडायचं. गावातल्या अमरीनचं पहिलं बाळंतपण असंच झालं. नवरा उमेर कुवेतला, सासू ड्रायव्हरशेजारी बसून दुवा मागतेय, रस्त्याचं काम चालू, आणि प्रत्येक वळणावर एक नवीन वळण. आई आणि लेकरू दोघं वाचली, पण तेव्हापासून ती पोरगी गाडीत बसली की डोळे घट्ट मिटून घेते. आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत आणि महिने भरत आले आहेत. या वेळीही ऑपरेशनच करावं लागणार, असं डॉ. दमयंती म्हणतात. अमरीनने मला एवढंच विचारलं, "ताई, या खेपेला तरी आपल्या हॉस्पिटलात होईल ना?" मी हो म्हटलं. मामा, सभेत मी पुष्कळदा हो म्हणते, पण तिथे ती एकटीच होती आणि तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून ते हो माझ्या अंगावर आलं.

मग मी लक्षवेधी मांडली. न्याय म्हणजे फक्त काळा कोट आणि पुढची तारीख नव्हे, बाळंतीण आणि ऑपरेशनचं टेबल यांच्यामध्ये किती वळणं आहेत यावरून राज्याचा न्याय मोजावा, असं मी म्हणाले. हे मी मानते, मामा. ज्या बाईला वेदना सोसत चार तालुके पाहावे लागतात तिला संविधानाची प्रस्तावना वाचून दाखवायला माझी जीभ धजत नाही. अध्यक्षांनी घंटा वाजवली. मी म्हणाले, "महोदय, ही घंटा आमच्या रुग्णवाहिकेला बसवा, तिची बंद आहे." सभागृह हसलं, मंत्रीही हसले, आणि हसणारा माणूस बेसावध असतो, त्या भरात त्यांनी पद भरण्याचं कबूल करून टाकलं.

आणि खरोखरच माणूस आला. डॉ. गौरव, लातूरकडचा, तरुण, हुशार, नम्र. गावाने त्याला वाजतगाजत आणलं. रुग्णालयाच्या आवारात राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, चौथरा आहे, तिथे काशीराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, हा डाक्टर तुझ्या पायाशी आलाय, ह्याची बदली करायला जो कोन बघील त्याची बुद्धी फिरव. सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. (वैज्ञानिक दृष्टिकोनावर मी गावोगाव बोलत असते हे तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त ओठ हलवले. गाऱ्हाणं मुद्देसूद होतं, हे मात्र कबूल करायला हवं.)

इथवर सगळं छान होतं. पण आपल्या माणसांचा स्वभाव. पाहुण्याला कधी घाबरवायचं नाही, आणि घाबरवायचं नाही म्हणून आपल्याकडे घाबरण्यासारखं काय काय आहे आणि त्यातल्या कशाकशाला घाबरायचं कारण नाही, हे त्याला सविस्तर सांगायचं. मी निघून गेल्यावर चहा पिता पिता काशीरामने सुरुवात केली, "डाक्टर, एक सांगून ठेवतो. भियाचा नाय."

"कशाला?"

"राखणदाराला. तो रात्री फेरी मारतो. काठीचा आवाज येतो. आपण आपला पडून ऱ्हायाचा."

"कुणाच्या काठीचा?"

"त्याच्याच. देवमाणूस आहे. आधीच्या डाक्टरांना फकस्त एकदा हाक मारलान."

"मग?"

"मग काय, त्यांनी ओ दिली नाय म्हणून वाचले."

शेजारच्या म्हातारीने कपबशी गोळा करता करता धीर दिला, "तुमी पन ओ देव नुका, म्हंजे झाला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने डॉक्टर राजापूरला.

मला फोन आला तेव्हा मी तिकडेच निघाले होते. राजापूरच्या स्टँडवर गाठलंच मी त्याला. बॅग मांडीवर घेऊन बसला होता. काय झालं म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "मॅडम, घरची जरा अडचण आहे." शिकलेला माणूस, राखणदाराचं नाव कसं घेणार? मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याच्याशी शांतपणे दोन शब्द बोलावे, असा माझा प्रामाणिक हेतू होता. पण समोर चार माणसं थांबली, मग चाळीस झाली, आणि मामा, गर्दी दिसली की माझ्या आवाजाला आपोआप चढ येतो. वैद्यकाचा धर्म, ग्रामीण भारत, आईचं दूध, सगळं आलं. वाहतूक नियंत्रकाने मान राखून गाड्यांच्या घोषणा बंद ठेवल्या. (त्यात पावसकडे निघालेलं एक कुटुंब राहिलं, त्यांची माफी मागितली.) टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वळून पाहिलं तर बाक रिकामा. कोल्हापूरची गाडी फाटकाबाहेर पडत होती आणि खिडकीत डॉ. गौरव मनापासून टाळ्या वाजवत होता.

बरं, घरची अडचण म्हटल्यावर मी ती सोडवणार नाही तर कोण? तालुक्याला कुटुंब समुपदेशन केंद्र व्हावं म्हणून मी भांडले होते. तिथल्या राजश्रीला म्हटलं, बाई, जरा डॉक्टरांच्या घरी फोन करून हळुवारपणे विचार, नवराबायकोत काय बिनसलंय. राजश्रीने अतिशय हळुवारपणे विचारलं. त्यांची बायको मनस्विनी म्हणाली, "बिनसलंय? काय बिनसलंय?" तोवर काहीच बिनसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बिनसलं. आमच्या केंद्राने आजवर पुष्कळ भांडणं मिटवली, सुरू केलेलं हे पहिलंच.

मग मनस्विनीचा मला फोन. "ताई, तुम्ही आमदार आहात का माझी सासू?" इथून जी सुरुवात झाली ती, मामा, तुम्ही ऐकायला हवी होती. खासगी आयुष्य म्हणजे काय, शासनाने कुठे थांबावं, फोन करण्यापूर्वी विचार का करावा. मुद्द्यातून मुद्दा निघत होता, एकही शब्द वाया नाही. मी फक्त "बरं" म्हणत होते. शेवटी फोन चालू असतानाच तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडून खरी गोष्ट काढून घेतली. तो दबक्या आवाजात राखणदार म्हणाला, आणि ती इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला. मला म्हणाली, "मुलीची परीक्षा झाली की आम्ही तिघंही येतो. तोवर यांना रजेवर राहू द्या. राखणदाराशी काय बोलायचं ते मी बोलते." मला त्या राखणदाराची थोडी काळजी वाटते आहे.

तर असं सगळं आनंदात आहे. पद भरलंय, माणूस परत येतोय, केंद्राची अब्रू शाबूत आहे. मामीला नमस्कार सांगा, गुडघ्यांना तेल लावा.

आपली भाची,
सुनेत्रा

ता. क. त्या मुलीची परीक्षा एप्रिल संपता संपता आटोपते. अमरीनची तारीख त्याआधीची आहे. हे आपलं माहितीसाठी.

ता. क. तुम्ही आयुष्यभर भूल दिलीत आणि तुमची नोंदणी अजून चालू आहे, हे मामीशी बोलताना सहज कळलं. (सहज म्हणजे मी विचारल्यावर.) गरज पडली तर बाहेरचा भूलतज्ज्ञ बोलावता येतो असा नियम असल्याचं डॉ. दमयंती म्हणाल्या. मी वाचून पाहिला, खरंच आहे. मुक्काम माझ्याकडे, जिना नाही, दारापर्यंत गाडी. रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये तुम्हाला ठेवणार नाही, तिथे तुम्हाला धीर द्यायला माणसं येतील.

ता. क. नाही म्हणायचं असेल तर अगदी निःसंकोच म्हणा. मी रागावणार नाही, फक्त पुण्याला येऊन तुमच्याशी बोलेन.

ता. क. मात्र एक झालंय. अमरीनने रत्नागिरीला जायला गाडी सांगून ठेवली होती. परवा ती भेटली तेव्हा मी एवढंच म्हटलं, की माझे मामा येतील. तिने काल गाडी नको म्हणून कळवलं. मी घाबरून विचारलं, अगं, खात्री न करता? तर म्हणाली, "ताई, खोटं असतं तर तुम्ही भाषण केलं असतंत."

मामा, या.