एडिटरशी जुळवून घेताना

सोमवार, ३ जून

झाले एकदाची रुजू! पाचव्या मजल्यावर खिडकीजवळची जागा, कोरी खुर्ची, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तळमजल्यावर कंपनीचं स्वतःचं पाळणाघर. माझ्या पाच वर्षांच्या चिमणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही मायलेकी सगळं बोटांनी बोलतो, भांडतोसुद्धा बोटांनीच. पाळणाघरातल्या बाईंनी तिला हातांनी विचारलं, खाऊ हवा का? मला अगदी भरून आलं.

दाराच्या यंत्राने माझ्या उजव्या तर्जनीचा ठसा घेतला. तोच दाखवून आत यायचं, तोच दाखवून बाहेर पडायचं.

प्रोग्रॅम लिहायचा एडिटर मात्र बाबा आदमच्या काळातला. थोरल्या मालकांनी तरुणपणी स्वतः बनवलेला. इथल्या फाइली दुसऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडल्या की नुसतं गिचमिड दिसतं. चालायचंच. यापेक्षा खडूस एडिटर मी हाताळलेत.

बुधवार, ५ जून

मेला सारखा बंद पडतो आणि लिहिलेलं सगळं गिळून टाकतो. आज कारण सापडलं. करंगळीने कळ दाबली की पडतो, बाकीची बोटं त्याला चालतात! असला बग जन्मात पाहिला नव्हता. करंगळ्यांना चिकटपट्टी गुंडाळून दिवसभर मजेत काम केलं. शेजारच्या टेबलावरच्या ताई पट्ट्या बघून हसल्या. त्यांना स्वतःला दोन्ही करंगळ्या नाहीत. कसं विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

सोमवार, १० जून

आता अनामिकाही चालेना. साहेबांकडे तक्रार केली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. एडिटर इतकी वर्षं जागचा हललेला नाही, येतात-जातात ती माणसं. मग कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं, तुम्हीच सांगा. तरी उद्या दुरुस्तीवाल्याला पाठवतो म्हणाले. जरा हायसं वाटलं.

मंगळवार, ११ जून

दुरुस्तीवाला आला. फार नम्र माणूस. कॉम्प्युटरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पेटी उघडली आणि मला म्हणाला, हात टेबलावर ठेवा.

ताईंनी मागून माझे खांदे दाबून धरले. पहिल्या वेळीच काय ते दुखतं गं, असं मायेने सांगत होत्या.

गुरुवार, १३ जून

दोन्ही करंगळ्या गेल्या, दोन्ही अनामिका गेल्या. उजवी तर्जनीसुद्धा. ती पुढे अडलीच असती, म्हणून आधीच उरकलं, असं तो म्हणाला. त्याच रात्री धडपडत खाली गेले, तर दार उघडेना. यंत्र मागतं ते बोट माझ्याकडे नाही. पहारेकऱ्याने खांदे उडवले. ताई म्हणाल्या, रडू नकोस, आम्ही सगळे वरच्याच मजल्यावर झोपतो.

पाळणाघराचं दारही तोच ठसा मागतं. काचेपलीकडे चिमणी दिसली. घाबरू नको, असं तिला हातांनी सांगितलं. तिला कळलंच नाही. माझे निम्मे शब्द गेलेत. तिने विचारलं, आई, तू असं बोबडं का बोलतेस?

बुधवार, १९ जून

आणखी दोन. पेन मुठीत धरून लिहितेय. एडिटर उत्तम चालतो. चिमणी काचेआडून काहीबाही विचारत राहते, मी नुसती मान हलवते —

शनिवार, २२ जून

साहेबांनी चिमणीला वर आणलंय. माझ्या खुर्चीवर उशी ठेवून बसवलंय. दहाही बोटं चालवते आणि एडिटर पडत नाही! साहेब म्हणाले, लहानपणीच सवय लागली की काही कापावं लागत नाही. मला आनंद झाला. खरंच झाला — आईला आणखी काय हवं —

सोमवार, २४ जून

एडिटर फक्त एकाच वेळी पडतो. मी समोर आले की ती कळा सोडून हात उचलते, माझ्याशी बोलायला. तेव्हाच —

दुरुस्तीवाला आलाय. त्याने तिला हातांनी विचारलं, कामात मध्ये मध्ये कोण येतं? ती हसली. माझ्याकडे बोट दाखवलं. केवढ्या अभिमानाने — माझी आई —

पेटी उघडली. लिहून होऊ द्या, घाई नाही, म्हणतो —

चिमणे, डोळे मीट. हाक मारून उपयोग नाही. हातांनीच सांगायला हवं, आणि हात