झोपेतली रोटी

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

टेनिस एल्बो! मले! जिंदगीत कधी टेनिसची बॅट हातात धरली नाही. आमचे हे ऑटो चालवता चालवता हासून राहिले — "आता मेडल आणते काय वं?"

फिजिओवाल्या चारुशीला मॅडम म्हणे, "मावशी, दिवसाला किती रोट्या करता?" म्हटलं, विकायले शंभर-सव्वाशे. अन् साध्या नाही, लांब रोट्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची, मंग चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. बावीस वर्षं झाली. "मग हे त्याचंच बक्षीस," म्हणे.

रोज वहीत दुखणं लिहायचं सांगतलं, दहापैकी. आज आठ. चहाचा कपही उचलत नाही.

९ ऑगस्ट

दुखते कोपर अन् मॅडमनं दिलेला पट्टा मनगटाले! मी तं दोन दिवस कोपरालेच बांधून फिरली. मॅडमनं कपाळावर हात मारला. मनगट उचललं की कोपराजवळची नस ओढल्या जाते, म्हणून मनगटच गप्प ठेवायचं. झोपताना सुद्धा. सहा आठवडे चूल बंद.

दोन ऑक्टोबरले अशोक विजयादशमी. दीक्षाभूमीवर येणारी नरखेडकडची पन्नास-साठ माणसं आमच्या गल्लीत उतरतात. माझ्या आईच्या, कांताबाईच्या वेळेपासून त्यायले आमच्याच चुलीवरची रोटी. एक वर्ष चुकलं नाही. आई गेली त्या साली पण नाही. तवापर्यंत हात बरा झालाच पाहिजे!

१४ ऑगस्ट

सात.

१९ ऑगस्ट

दुपारी डोळा लागला तं आई दिसली. खाप्याच्या घाटावर, कन्हानच्या पाण्यात गुडघाभर उभी. हातावर रोटी. लांबवत गेली, लांबवत गेली — पाण्यावर पडली तरी भिजली नाही, नदीसोबत वाहून राहिली. मी दुसरं टोक धरून काठाकाठानं चालून राहिली. हात कुठंच दुखत नव्हता. इतकं बरं वाटलं का सांगू! उठावंच वाटेना.

उठली तं पट्टा सुटून उशीपाशी. माझी पोरगी सोनिका खाटेजवळ बसली होती. म्हणे, "झोपेत तुझे हात हालतात वं आई. रोट्या करून राहिली होती तू."

२३ ऑगस्ट

मॅडम चिडल्या. "मावशी, चोरून रोट्या करताय ना?" शपथ घेतली. म्हटलं, झोपेत करत असीन. त्या हासल्या नाहीत. "मग पट्टा घट्ट बांधा."

कोपरावर थंडगार जेल लावून मशीन फिरवली. घरी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, दहादा. बाटलीतल्या पाण्यात आमची खिडकी हालते. पाहता पाहता मोजणंच विसरली.

३ सप्टेंबर

आज पट्टा पुन्हा सुटलेला! चांगला घट्ट चिकटवला होता. मीच झोपेत सोडत असीन. हाताले चूल आठवत असन. दुखणं पुन्हा सातवर. रडूच आलं.

हे म्हणे, "यावर्षी चपात्या मागवून घेऊ." जसं काही चपाती अन् लांब रोटी एकच!

सोनिकाले म्हणावं वाटलं, तू कर. पण कोणत्या तोंडानं? चौदा वर्षांची असताना हौसेनं शिकायले बसली होती. तीन रोट्या फाटल्या. मी साऱ्या गल्लीसमोर म्हटलं, "सरक, तुझ्या हातात नाही ते." उठून गेली. आता सीताबर्डीत मोबाइलच्या दुकानात संध्याकाळची ड्युटी करते. चुलीकडे पाहत पण नाही. चूक माझीच. माझ्या आईनं मले असं कधी म्हटलं नव्हतं.

११ सप्टेंबर

आज दुपारी रोटी मेट्रोच्या रुळावर पसरली होती, बर्डीपासून पार खापरीपर्यंत! सारं गाव खालून वर पाहून राहिलं. कोणी तोडेना. आई म्हणे, "थांबा, अजून व्हायची आहे."

उठल्यावर सोनिका विचारते, "शेवटी डावा हात खाली काहून नेते वं?" म्हटलं, मले काय माहीत, मी झोपली होती!

पट्टा सुटलेलाच.

२० सप्टेंबर

पाच. मॅडम म्हणे, "अजून महिनाभर चुलीचं नाव काढू नका."

संपलं. म्हटलं आमच्या यायले, करा चपातीवाल्याले फोन. आईच्या फोटोकडे पाहवलं नाही.

१ ऑक्टोबर

माणसं आली. म्हातारे देवराव दारातूनच म्हणे, "कांताबाईची पोरगी, मडकं चढवलं का?" मी पट्ट्याचा हात वर केला. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले. त्यानंच जास्त लागलं.

चपात्या उद्या दहाले येतीन.

२ ऑक्टोबर

धुराच्या वासानं जाग आली. चूल पेटलेली, मडकं चढलेलं. सोनिकाच्या हातावर रोटी — लांब, पार कोपरापर्यंत! पहिली फाटली. दुसरी मडक्यावर बरोबर बसली. शेवटी डावा हात खाली.

"कुठं शिकली वं?"

"तुझ्यापाशीच. दुपारी. पट्टा मीच सोडत होती, आई. जागी असली तं तू सरक म्हणते."

महिनाभर हात ठणकला तो या पोरीपायी! डाव्या हातानं एक धपाटा घातला. मंग तिले धरून रडली.

"आता तू सरक," म्हणे, "धूर लागन."

मी सरकली.