भागीच्या भिंतीवरचं सूप

मनोर,
२ मार्च १९६७

ती. बळवंतदादास,
सा. न.

इकडे सर्व ठीक. नर्मदाचा ताप उतरला, परसातल्या आंब्याला मोहोर बरा आहे. तुमच्या पक्षाच्या विजयाचे पेढे पोचले. कुत्र्याला घातले.

दादा, दहा वर्षांपूर्वी तुम्हीच मला पाड्यावर नेलंत. गवतकापणीच्या संपात ठेकेदार रामनाथशेठच्या माणसांनी जिवल्याचा हात मोडला, तेव्हा तो हात तुम्ही स्वतः झोळीत बांधलात. "वाचता येत नाही ना? मग नाव बघू नका, निशाणी बघा. सूप म्हणजे आपण," हेही तुम्हीच शिकवलंत. जिवल्याच्या बायकोने, भागीने, तांदळाच्या पिठाने भिंतीवर सूप काढलं. लग्नाचा चौक लिहितात त्या भिंतीवर! दर पावसाळ्यानंतर ती ते नव्याने काढायची.

आणि यंदाच्या निवडणुकीत ते सूप कोणाला दिलंत? रामनाथशेठला!

पालघरच्या बैठकीत म्हणालात, "चंद्रभान, पक्ष वाढवायचा तर थोडं मध्ये सरकावं लागतं." मध्ये? डावीकडून निघालात ते थेट शेठच्या ओटीवर जाऊन टेकलात! लाज कशी वाटली नाही? वर मला सांगता, "शेठ पाड्यावर न गेलेलाच बरा. तू जा, नुसतं सूप दाखव."

निकालानंतर शेठची मिरवणूक इथल्या बाजारातून गेली. जिवल्या मोळी विकायला बसला होता. हार घातलेला माणूस त्याने ओळखला, मिरवणुकीत उंच धरलेलं सूपही ओळखलं. मोळी तिथेच टाकून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर भागी विळ्याने भिंत खरवडत होती.

"भाऊ, तुमाला ठावं होतं?"

"नाही. दादांनी मलाही फसवलं."

"मंग बसा. तुमचा काय दोष नाय." तिने मला पाणी दिलं.

दादा, ते पाणी मी प्यालो. मतदानाच्या सकाळी शाळेच्या दारात तिने मला विचारलं होतं, "भाऊ, सूप आपलंच हाय ना?" मागे रांगेत सगळा पाडा उभा होता. मी मान डोलावली. तुम्हाला कितीही शिव्या घातल्या तरी ती मान माझीच होती.

सभासदपत्र सोबत परत करतो आहे. हे पत्र पेटीत टाकून तसाच पाड्यावर जाईन, भागीला खरं सांगेन. आज ती पाणी देणार नाही. मीही मागणार नाही.

तुमचा कार्यकर्ता नव्हे,
भाऊ आहे, त्याला इलाज नाही,
चंद्रभान