वहिनीच्या हाती पाय

मी, असाध्य आजाऱ्यांच्या आश्रमातली निवृत्त परिचारिका, अविवाहित, उजवी बाजू लुळी पडली असली तरी डोकं ठिकाणावर असलेली, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. आत्मा ज्याने दिला त्याच्या स्वाधीन. बाकीची व्यवस्था अशी.

१. माझी ड्रेसिंगची कात्री, चिमटे आणि गरम पाण्याची पिशवी आश्रमाला. कात्रीने पट्ट्याच कापाव्यात. ती स्वयंपाकघरात दिसली तर मी वरूनही ओरडेन.

२. प्रार्थनामंदिरात माझ्या नावाची पाटी लावू नये. हे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, किती हा नम्रपणा!" ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर जिवाला चैन पडलं नाही. इतकी वर्षं सेवा केली ती प्रभूची की माझ्याच मोठेपणाची, याचा उलगडा अजून झालेला नाही.

३. राहतं घर वहिनीला, म्हणजे माझ्या दिवंगत भावाच्या पत्नीला. भाचा, तिचाच मुलगा, घर विकायला टपलाय, म्हणून कारण नमूद करते.

आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा याच वहिनीने "माझ्याच्याने हे होणार नाही" म्हणत तिला गाडीत घालून माझ्या दारात आणून सोडलं. आईचं सगळं मी केलं आणि वहिनीशी बोलणं टाकलं. पुढे मला झटका आला, तेव्हा ती न बोलावता पिशवी घेऊन हजर.

मी म्हटलं, "आल्या पावली परत जा."

"जाईन. आधी चादर बदलते."

जन्मभर परक्यांची घाण मी हसत काढली, पण माझं काही कुणाला करू दिलं नव्हतं. तिने पाय धुवायला घमेलं आणलं, ते मी धडक्या पायाने लाथाडलं. पाणी कॉटखाली गेलं. फरशी पुसून ती पुन्हा पाणी घेऊन आली.

"कशाला हा छळ करून घेतेस?" मी विचारलं.

"ताई, आईंचं माझ्या हातून झालं नाही. किळस यायची मला. आताही येते." ती गुडघ्यांवर बसली होती. "तरी करू द्या."

मला किळस कधी आलीच नाही. मग आमच्या दोघींत अवघड काम कुणाचं? मी पाय पुढे केला. लाजेने मान भिंतीकडे वळवली, पण पाय मागे घेतला नाही.

४. घर ही त्या सेवेची मजुरी नव्हे. भाच्याने तिच्याकडून ते गोडीगुलाबीने लिहून घेऊ नये. तिच्यानंतर ते आश्रमातल्या आजाऱ्यांच्या नातेवाइकांना उतरायला द्यावं.

५. चर्चचे पाळक विचारतात, "वहिनीला माफ केलंत ना?" घर देणं सोपं गेलं. तो शब्द मात्र ओठांवर येऊन अडतो, कारण गाडीतून उतरतानाचा आईचा चेहरा आडवा येतो. रोज प्रार्थनेत वहिनीचं नाव घेते आणि तिथेच अडते. मी गेल्यावर कुणी तिला "त्यांनी केव्हाच माफ केलं होतं" असं गोड खोटं सांगू नये. खरं तेच सांगावं, की ताई शेवटपर्यंत झटत होत्या.

वहिनी लाभार्थी असल्याने साक्षीदार नाही. ती दाराबाहेर उभी आहे.

सांगणारी: डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: मंडळीचे पाळक; शेजारचे शिंपी
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: आजचा, रविवार, उपासनेनंतर