सीटखालचं पोतं

१६ जून, सोमवार

आज कॉलेजात रुजू झालो. नगरला सावेडीत खोली मिळाली. खिडकीसमोर कडुनिंब आहे, पाण्याची अडचण नाही, आणि घरमालकीण विजयमालाबाईंनी माझं आडनाव ऐकूनही किल्ली हातात ठेवली. हे लिहून ठेवावंसं वाटलं, यातच सगळं आलं. तरीही मन प्रसन्न आहे.

कॉलेज घोडेगावच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत तीन किलोमीटर. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी स्वतः बसवून चहा पाजला. माझी भाषणं त्यांनी ऐकलेली आहेत. म्हणाले, भीमराज, अशी जीभ आमच्या संस्थेत हवीच होती. नेमणूक वर्षाची असली तरी कायम करण्याचं ते बघणार आहेत. वर त्यांची जुनी जीप वापरायला दिली. गिअरबॉक्स मे महिन्यात खोलून नव्यानं भरलाय, दहा वर्षं बघायला नको, असं त्यांचं म्हणणं.

गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर तेवढं गायब आहे. त्या भोकातून गरम वारा येतो आणि पायाशी रस्ता सरकताना दिसतो. मागच्या सीटखाली एक गाठ मारलेलं पोतं आहे, जुने पार्ट असावेत. असू दे. हे सगळं स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितो आहे. जिथं घडलं तिथंच लिहायचं, ही माझी वीस वर्षांची सवय.

१८ जून, बुधवार

जीपमधून आवाज येतो. फक्त तिसऱ्या गिअरला, आणि फक्त कॉलेजकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर. खडखड म्हणावी तर तशी नाही, घरघरही नाही. ओलं, जड काहीतरी खरबरीत जमिनीवरून ओढत न्यावं तसा आवाज.

२१ जून, शनिवार

ज्यानं गिअरबॉक्स भरला त्या कानिफनाथ मिस्त्रीकडे गेलो. घोडेगावात पत्र्याचं गॅरेज आहे. मी आवाज तोंडानं काढून दाखवू लागलो तर हात जोडून म्हणाला, “सर, ऱ्हाऊ द्या. लई गिऱ्हाइकं आवाज काढून दाखवतेत, आन् बॉक्स खोलल्यावर निघतं भलतंच.”

माणूस कसबी आहे. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये क्लच दाबला, सोडला. त्याचा हिशेब असा: दाबल्यावर आवाज बंद झाला तर पुढचं बेअरिंग. एकाच गिअरला आला तर त्या गिअरचे दाते. इंजिन बंद करून गाडी नुसती उतारावर सोडली आणि तरी आला, तर दोष बॉक्समध्ये नाहीच, गाडीखालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला आहे. लांब पेचकस बॉक्सला टेकवून त्याची मूठ कानाला लावली, डॉक्टरनं छाती तपासावी तशी. काही मिळालं नाही. मग शेजारी बसून आतल्या रस्त्यानं आला. वळणावर एक बाभूळ आहे. तिथं मला स्पष्ट ऐकू आलं. त्यानं समोर बघत सांगितलं की त्याला काही ऐकू आलं नाही. मात्र त्याची दाराच्या मुठीवरची बोटं पांढरी पडली होती.

पोत्याचं विचारलं. म्हणाला, गाडीतून जे जे निघालं ते मालकाला परत करायचं, वडिलांपासूनची रीत आहे. तो एक वॉशरसुद्धा ठेवून घेत नाही. आप्पासाहेबांनी पोतं उघडूनही बघितलं नाही. मोठी माणसं भंगार बघत नाहीत.

२७ जून, शुक्रवार

आज आतल्या रस्त्याच्या उतारावर इंजिन बंद केलं, न्यूट्रल केलं, जीप सोडून दिली. आवाज आला. इंजिन झोपलेलं, गिअर सुटलेला, आणि बाभळीपर्यंत ते ओढत नेणं चालूच. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष सुटला. या देशात निर्दोष सुटायला एवढंच लागतं, दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा.

बाभळीखाली दीपा उभी होती. आमच्या कॉलेजात शिपाई आहे, आमच्याच समाजाची. बुंध्याशी शेवंतीची फुलं ठेवत होती. तिची आई कलाबाई दर शुक्रवारी जनावरांच्या बाजारात शेण गोळा करायची, गोवऱ्या थापून विकायची. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी भरदुपारी पाटी डोक्यावर घेऊन घरी येत होती. या झाडाखाली मेलेली सापडली. कागदावर ‘अज्ञात वाहन’. पंचनाम्यात लिहिलंय की अंगावरची साडी अर्धीच होती. हिरवी, पिवळ्या काठाची. उरलेली अर्धी कोणी शोधली नाही.

दीपा म्हणाली, “सर, तुमी बोललात की लोक ऐकतेत. मला भाषान नको. माझ्यासंगं नुसतं ठाण्यात येऊन बसा. एकलीला ते हुभंच ऱ्हाऊ देतेत.”

मी शब्द दिला. येईन म्हणालो, आणि बोलेनही. फार छान वाटलं स्वतःबद्दल.

२९ जून, रविवार

पोतं उघडलं. सुतळीची गाठ इतकी करकचून मारलेली की कापावी लागली.

आत जळून निळे पडलेले गिअर. फाटून लोंबणारं रबरी सील. आणि तळाशी तेलात भिजून कडक झालेलं, दोरासारखं पिळलेलं कापड. रॉकेलनं धुतलं. उलगडलं.

हिरवं. पिवळा काठ.

३० जून, सोमवार

कानिफनाथसमोर ते कापड धरलं. त्यानं गॅरेजचं दार लोटून घेतलं आणि धडा शिकवावा तसं सांगितलं. गिअर जळले, कारण तेल संपलं. तेल संपलं, कारण मागचं सील फाटलं. सील फाटलं, कारण शाफ्टला कापड गुंडाळलं गेलं. एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी जीप आप्पासाहेब स्वतः चालवत होते, बंद पडल्यावर दुसऱ्या कोणाला ती गॅरेजात आणू दिली नाही, ओढून आणली तेव्हाही तेच आत बसलेले. कापड कुठून आलं ते त्यानं विचारलं नाही.

माहीत असून गप्प कसा राहिलास, मी ओरडलो. मला ओरडता उत्तम येतं. तो म्हणाला, “गप कुठं ऱ्हायलो? निघालेलं सगळं पोत्यात भरलं, मालकाला दिलं. माझं काम तिथं संपलं. आता पोतं तुमच्याकडं हाय सर. तुमचं कुठं संपतंय, बघा.”

३ जुलै, गुरुवार

आप्पासाहेबांनी बोलावलं. दहा तारखेला त्यांचा अमृतमहोत्सव आहे, प्रमुख भाषण माझं. त्याच व्यासपीठावर मला कायम केल्याचा आदेश देणार. निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, जीपमध्ये आमचं काही भंगार राहिलंय का हो?

मी पोतं माझ्या हातांनी त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. कापडासकट. गाठसुद्धा पुन्हा मारली. मूर्ख नाही मी. मला कळत होतं.

दीपाला सांगितलं की पुराव्याशिवाय ठाण्यात जाणं बरोबर नाही, घाई नको, लढा शिस्तीनं लढायचा असतो. बराच वेळ सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं. “व्हय सर” म्हणाली.

४ जुलै, शुक्रवार

आवाज बंद. तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो.

मी कारण शोधत नाही.

१० जुलै, गुरुवार

मंडप भरलेला. पाऊण तास बोललो. माणुसकीवर. तळागाळाचा कैवारी म्हणालो त्यांना. टाळ्यांमध्ये तो आवाज ऐकू आला, ओलं, जड, ओढत नेल्यासारखं, आणि मी जीप कुठं उभी आहे ते बघू लागलो. जीप लांब होती. बंद होती. आवाज माझ्या गळ्यातून येत होता. वाक्यांच्या मधून.

कोणालाच ऐकू आला नाही. किंवा सगळ्यांना आला. कानिफनाथ शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

आदेश मिळाला. शाल मिळाली. हिरवी आहे.

१२ जुलै

वर्गात तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. फक्त ते. मुलं हसली. मग हसायची थांबली.

१५ जुलै

नगरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. गळ्यात काही नाही म्हणाले. बोलू नका, गळा गुंडाळून ठेवा. दुसरं काही नव्हतं म्हणून शालच गुंडाळतो.

तीनशे भाषणं दिली आहेत मी भुताखेतांविरुद्ध. आजही म्हणतो, भुतं नसतात. मेलेली माणसं असतात, आणि त्यांच्याबद्दल गप्प बसलेली —

१७ जुलै

दीपानं नोकरी सोडली. मला सांगितलं नाही. मला कोण सांगेल?

पोतं सीटखाली आहे. तेच, मी आप्पासाहेबांच्या ओसरीवर ठेवलेलं. गाठ कानिफनाथची, सुतळी न कापलेली.

१८ जुलै, शुक्रवार

दुपारचे साडेबारा. बाभूळ. जीप इथं आपोआप थांबली, तिसऱ्यात. किल्ली काढून खिशात घातली आहे.

दांड्याशेजारच्या भोकातून शालीचं टोक खाली गेलंय. ओढून बघितलं. निघत नाही. दुसरी बाजू गळ्याभोवती —

सुटत नाही. गाठ मी मारली नव्हती.

ब्रेक दाबलाय. पाय पूर्ण दाबलेला आहे. जीप सरकते आहे. अगदी सावकाश. शाफ्ट फिरतो तेवढी शाल आत जाते.

बाजाराचा टेम्पो गेला, बैल भरलेला. हात केला. ड्रायव्हरनं बघितलं. गेला.

दीपा येते आहे. लांब आहे अजून. फुलं घेऊन. हाक मारली तर तोंडातून तेच. ती थांबली, ऐकते आहे. तिला ऐकू येतंय.

लिहून ठेवतो. वही सापडेल तिला. जबाब.

मी, भीमराज, सत्याला स्मरून, कोणत्याही दबावाशिवाय, ज्या समाजानं मला वाणी दिली त्याच्याशी मी केलेली —

नको. प्रस्तावना नको. वेळ नाही. मान दांड्याला लागली आहे.

दीपा, पोतं सीटखाली. हिरवं कापड तुझ्या आईचं. गाडी हीच. चालवणारे