पहिल्या दिवसाचा उजेड

गुब्बिओ, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, १२८९

चि. ओद्दो यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. बोलोन्याच्या मठात तू सगळ्यांचा गुरुजी असशील, मला धाकटाच.

आकाश मी केलं. वरचं पाणी, खालचं पाणी, मधली रेघ दोरी न लावता ओढली. डाळिंबाचं झाड केलं. सूर्य, चंद्र, मासे, बगळे, एक साळिंदर, काटा न् काटा वेगळा. आदाम आणि हव्वा. हव्वेची पावलं मला साधली आहेत. चुना मी भिजवला, गिलावा मी घातला, कुंचलेसुद्धा मीच बांधले. देवाने सगळं एका क्षणात केलं म्हणणाऱ्या तुझ्या पंडितांना सांग, येऊन माझ्या भिंतीत रोजच्या गिलाव्याचे सांधे बघा.

घरी ठीक आहे. ऑलिव्ह यंदा कमी.

तुझं पत्र पोचलं. खोकल्यातून रक्त पडतं, तरी बर्फाआधी डोंगर ओलांडून येणार म्हणतोस. डोळे मिटण्याआधी, देवाने उजेड केला तो पहिला दिवस भिंतीवर बघायचाय म्हणतोस.

तो वर लिहिला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तो रंगवताना परांचीवर माझ्याशेजारी उभा राहून तू म्हणालास, "दादा, सूर्य चौथ्या दिवशीचा. हा उजेड त्याच्या आधीचा, कुणाचाच नसलेला. चुना मळकट दिसतो रे, अजून पांढरं कर." म्हणून शिशाचा सफेदा लावला. ओल्या गिलाव्यावर तो टिकत नाही, हे उस्तादाच्या हाताखाली राबलेल्याला ठाऊक असतं. मी कुणाच्या हाताखाली राबलो नाही.

उन्हाळ्यात करडा पडला. आता तव्यासारखा काळा आहे.

भिंत ज्यांची, त्या इथल्या मठाचे प्रमुख फ्रा विताले हसले. "तेबाल्दो, तुझ्या उजेडाला काजळी धरली की! वर एक सोनेरी सूर्य काढ, झाकून जाईल."

"मग चौथ्या दिवशी काय राहिलं?"

"तिथेही सूर्यच. रोज उगवतो ना!"

खरवडून पुन्हा करतो म्हणालो. परांची बांधली तर सूर्यासाठीच बांधू, म्हणाले.

ओद्दो, येऊ नकोस. उजेड गेला. पण तिथे सूर्य नव्हता, एवढं तरी तुझं म्हणणं भिंतीवर राहील.

पहिल्या दिवशी सूर्य काढायचे चौदा सोन्याचे फ्लोरिन नाकारणारा,
तुझा दादा