जेलमधली धडधड

४ जून, सकाळी ७
आजपासून शिस्त. लवकर उठणे, कमी बोलणे, महिन्याभरात लॅबमध्ये हृदयाचा नखाएवढा तुकडा वाढवून दाखवणे. प्रोटीनचं जेल म्हणजे मांडव. त्यावर पेशी वेलासारख्या चढतात. म्हणजे चढतील. बायको मुलीला घेऊन नोकरीच्या गावी गेली त्याला आठ महिने झाले. तात्पुरतीच गेलीये. तुकडा धडधडला की परत येईन, असं काही ती म्हणाली नाहीये. पण मी ओळखतो ना तिला.

९ जून
खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात विचारलं, दिवसभर असता कुठे? जेलमध्ये, म्हणालो. त्यांनी नातीचा हात धरून तिला आत नेलं. समजावून सांगणार होतो, तोवर कडी लागली.

१३ जून
जेलचं प्रोटीन म्हणजे कोलॅजन, त्याचं द्रावण बर्फात ठेवावं लागतं. तुपाच्या उलट, गरम झालं की मिनिटांत थिजतं. नेमका तेव्हाच बायकोचा फोन. जरा बोलायचं होतं, म्हणाली. दोनच मिनिटं आहेत, म्हणालो. मग राहू दे, म्हणाली. कामाची कदर आहे तिला. फोन ठेवून बघतो तर द्रावण पिपेटमध्येच थिजलेलं.
ठराव: कामाच्या वेळी फोन बंद.

१४ जून
दिवसभर फोन बंद. संध्याकाळी चालू केला. कुणाचाच नव्हता. म्हणजे ठराव यशस्वी.

२६ जून, दुपारी १.४०
धडधडतोय! मायक्रोस्कोपखाली, अगदी एका लयीत! आधी बायकोला व्हिडिओ पाठवला. मग टेक्निशियन बाईंना डब्यावरून उठवून आणलं. त्यांनी बघितलं आणि शेजारचा व्हॅक्यूम पंप बंद केला. धडधड थांबली. पंप चालू केला. धडधड सुरू. टेबल हलतंय सर, म्हणाल्या, आणि डबा संपवायला गेल्या.

२७ जून
बायकोचा मेसेज: शनिवारी येतो दोघी. बघा! धडधडीचं खरं काय ते सांगणार होतो, पण अशा गोष्टी मेसेजवर नीट सांगता येत नाहीत. मुलीच्या खोलीतली जळमटं काढली. पडदे धुतले. इस्त्रीसुद्धा केली.

१ जुलै, शनिवार
आल्या. थेट लॅबमध्येच आल्या. पंप चालू ठेवला होता. मुलगी उंच झालीये, स्टूल लागलं नाही. बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिली. जिवंत आहे बाबा, म्हणाली.
बायकोनं पर्समधून कागद काढला. तिकडच्या शाळेचा प्रवेश अर्ज. वडिलांची सही हवी. हिला तिथे मैत्रिणी झाल्यात, म्हणाली. हळू आवाजात, मला लागू नये अशा बेतानं.
काय वाटलं कोण जाणे, उठलो आणि पंप बंद केला. मुलीला म्हणालो, आता बघ. ती जागची हलली नाही. माहितीये, म्हणाली. डिशची कडापण हलत होती. मग जिवंत आहे असं का म्हणालीस, विचारलं. तर म्हणाली, बाबा, तू किती खूश होतास.
सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. चालेल, बायको म्हणाली. मग विचारलं, जेवलास का? हो, म्हणालो.
साडेचारच्या गाडीनं दोघी गेल्या.
मग जेवलो.